घाटमाथ्यावरचा ढग आणि लेसरचा किरण

महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग पाहायला मान वर करावी लागत नाही. तो दारा-खिडक्यांतून आत येतो, कपड्यांना ओल आणतो, दहा पावलांवरचे झाड नाहीसे करतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घाटमाथ्यावरची वस्ती बहुतेक वेळ ढगाच्या पोटातच असते. राहणाऱ्यांची ही अडचण एका शास्त्रीय कामाच्या पथ्यावर पडली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली येथे, समुद्रसपाटीपासून १३४८ मीटर उंचीवर, मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभी केली. विमान न उडवता, जमिनीवर उभे राहून ढगातला थेंब मोजता येईल अशा जागा देशात थोड्याच आहेत. त्याहून मोलाचे म्हणजे, थेंब ज्याच्याभोवती जमतो तो धुळीचा, मिठाचा किंवा धुराचा कणही येथे त्याच वेळी हाती लागतो. हे कण मोजण्याची साधने दोन: लेसरचा किरण आणि कणावर चढवलेला विद्युतभार. ती दोन्ही सातारा जिल्ह्याच्या या डोंगरावर पोचेपर्यंत सव्वाशे वर्षे गेली.

जागा का निवडली, हे पर्जन्यमापकाच्या आकड्यांवरून दिसते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वीसएक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो दोन हजारांच्या आत येतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला पोचेपर्यंत हजाराच्याही खाली जातो. आणखी पूर्वेला साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे आटपाडी, जत आणि कवठे महांकाळ हे तालुके कसेबसे पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतात. दख्खनच्या हवामानाची शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली होती. घाटाच्या दोन बाजूंमधली तफावत तेव्हापासून जाणकारांच्या परिचयाची आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आटपाडी-जतचा तो जवळपास वर्षभराचा पाऊस. त्याच आठवड्यात कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडली. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई, कऱ्हाड करत सांगलीला येते. एकाच जिल्ह्यात महापूर आणि टँकर का दिसतात, याचे मुख्य उत्तर भूगोलात आहे. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीवर चढताना थंड होते आणि पाणी सोडते. पलीकडे उतरताना ती तापते आणि ढग विरतात. मात्र चढतीवर असो वा उतारावर, एखादा ढग पाऊस देतो आणि त्याच्या शेजारचा तसाच दिसणारा ढग कोरडा निघून जातो, हे केवळ भूगोलाने उलगडत नाही. त्यासाठी ढगाच्या आत जावे लागते.

ढगाचा थेंब आपोआप बनत नाही. स्वच्छ, कणविरहित हवेत वाफेला थेंबाचे रूप घ्यायला आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट वर जावी लागेल. निसर्गात ती १०१ टक्क्यांपुढे क्वचितच जाते, आणि तेवढ्यात थेंब बनतो तो हवेतल्या कणाच्या आधाराने. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८०च्या दशकात हे दाखवून दिले आणि हवेतली धूळ मोजण्याचे उपकरणही बनवले. कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यांनी हवा ओलसर करून एकदम प्रसरण पावू दिली. प्रत्येक कणावर पाणी चढून थेंब झाला, आणि थेंब भिंगाखाली मोजता आला. कण वाढवून मोजण्याची ही युक्ती आजही टिकून आहे.

हे उपकरण बेन नेव्हिस या स्कॉटिश शिखरावरच्या वेधशाळेतही वापरले गेले. बेन नेव्हिसची उंची सुमारे १३४५ मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेइतकीच. हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. सप्टेंबर १८९४ मध्ये याच शिखरावर चार्ल्स टॉमसन रीस विल्सन हा तरुण काही आठवडे राहिला. ढगावर पडलेल्या सावल्यांभोवतीची रंगीत वलये पाहून त्याला ती प्रयोगशाळेत निर्माण करावीशी वाटली. केंब्रिजला परतून त्याने काचेच्या भांड्यात ढग बनवायला सुरुवात केली, तेव्हा वेगळेच हाती लागले. धूळ पूर्ण काढून टाकली तरी वाफ सुमारे चौपट संपृक्त होताच थेंब दिसू लागत. विद्युतभारित आयन धुळीची जागा घेत होते. १९११ पर्यंत विल्सनच्या मेघकोष्ठात भारित कणांचे मार्ग धुक्याच्या रेषांसारखे उमटू लागले, आणि १९२७ साली त्याला नोबेल मिळाले. डोंगरावरच्या ढगाने अणुविज्ञानाला एक डोळा दिला. खऱ्या ढगात मात्र चौपट संपृक्तता येतच नाही, त्यामुळे तिथे आयनांवर थेंब धरत नाही. पावसाचे बी धूळच.

पुढचा दुवा आयर्विंग लँगम्युअर. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्कनेक्टडी येथील प्रयोगशाळेत हा रसायनशास्त्रज्ञ दिव्यांच्या आतल्या विरळ, आयनित वायूंचा अभ्यास करत होता. १९२४ साली त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना आरगॉनच्या नळीत तेजस्वी रेघा सरकताना दिसल्या. तारेतून उडालेले टंगस्टनचे सूक्ष्म कण ऋणभारित होऊन वायूत तरंगत आहेत, असे त्यांनी त्याचे कारण सांगितले. चार वर्षांनी अशा आयनित वायूला लँगम्युअरनेच ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. आज ज्याला धूलियुक्त प्लाझ्मा म्हणतात, त्याच्या पहिल्या निरीक्षणांत १९२४ची ही नळी धरली जाते.

या विषयाला पुढे लेसरनेच गती दिली. प्लाझ्मातले हलके, वेगवान इलेक्ट्रॉन धुळीच्या कणावर सतत आदळून चिकटतात. जड धन आयन मागे पडतात. परिणामी काही मायक्रॉनच्या एका कणावर हजारो इलेक्ट्रॉन जमतात आणि कण एकमेकांना दूर ढकलू लागतात. १९८०-८१ मध्ये व्हॉयेजर यानांनी शनीच्या कड्यांवर आऱ्यांसारखे काळसर पट्टे टिपले, तेव्हा भारित धुळीकडे खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष गेले. १९८९ साली आयबीएमच्या गॅरी सेल्विन यांनी संगणकाच्या चिप कोरणाऱ्या प्लाझ्मा यंत्रात लेसर सोडला. सिलिकॉनच्या चकत्यांवर धुळीचे ढग तरंगताना दिसले. चिपा खराब करणारी घाण बाहेरून येत नव्हती, यंत्रातच वाढत होती. १९९० मध्ये एन. एन. राव, पद्मकांत शुक्ला आणि एम. वाय. यू यांनी भारित धुळीतून अतिशय मंद ध्वनिसदृश लाटा धावतील असे भाकीत केले. पाच वर्षांनी ते प्रयोगात खरे ठरले. १९९४ साली जर्मनी, तैवान आणि जपानमधल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की ही धूळ षट्कोनी जाळीत, स्फटिकासारखी, रचून बसते. लेसरचा किरण चपटा करून पात्यासारखा आडवा सोडला की एकेक कण ठिपक्यासारखा चमकतो आणि साध्या कॅमेऱ्याने टिपता येतो. किरणाच्या दाबाने कणाला हलकेच ढकलून शेजारी कसे हलतात हेही पाहता येते.

लँगम्युअर मात्र या वाटेने फार पुढे गेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे मन ढगांकडे वळले. नोव्हेंबर १९४६ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतल्या व्हिन्सेंट शेफरने विमानातून अतिशीत ढगात कोरडा बर्फ टाकला आणि ढगातून हिम खाली येऊ लागले. कृत्रिम पावसाची आधुनिक कथा तिथून सुरू होते. सह्याद्रीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो लँगम्युअरचा १९४८चा लेख. गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातल्या उष्ण ढगातही मोठा थेंब लहान थेंबांना गिळत वाढतो, फुटतो, त्याचे तुकडे पुन्हा वाढतात आणि साखळीने पाऊस तयार होतो, असे त्याने मांडले. मान्सूनमध्ये घाटमाथ्यावरचे बरेच ढग उथळ आणि उष्णच असतात. अशा ढगात बर्फाचे बी चालत नाही. तिथे हवे पाणी ओढणारे, मिठासारखे मोठे बी.

भारतात १९५७ ते १९६६ या काळात दिल्ली, आग्रा आणि जयपूर येथे साध्या मिठाचे प्रयोग झाले. त्या कामातले रमण मूर्ती पुढे पुण्याच्या संस्थेचे संचालक झाले. महाराष्ट्रात निकड निर्माण केली ती १९७२च्या दुष्काळाने. सांगली, सातारा आणि सोलापूरच्या पूर्वभागात विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली, खडी फोडण्याच्या कामांवर गावेच्या गावे गेली. १९७३ मध्ये पुण्याच्या संस्थेने बारामतीच्या परिसरात पर्जन्यछायेतल्या ढगांवर प्रयोग सुरू केला. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे तो चालला. डकोटा विमानातून मीठ आणि संगजिरे यांची दळलेली पूड, दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण, ढगाच्या तळापासून दोन-तीनशे मीटर वर सोडली जाई. मिठाची पूड दमट हवेत गोळा होऊ नये म्हणून संगजिरे.

या प्रयोगाची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. उत्तर आणि दक्षिण असे दोन पट्टे आखले होते, मध्ये दोघांना वेगळे ठेवणारा तिसरा. कोणत्या दिवशी कोणत्या पट्ट्यात मीठ टाकायचे हे नशिबावर सोडलेले. अकरा वर्षांच्या आकड्यांतून बीजन केलेल्या, म्हणजे मीठ टाकलेल्या, बाजूला सुमारे २४ टक्के अधिक पाऊस दिसला, आणि हा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात चार होती. निष्कर्ष आशादायक होता, पण त्याला एक मोठी उणीव होती. मीठ टाकले आणि पाऊस मोजला. या दोन टोकांच्या मध्ये ढगात नेमके काय घडले, मुळात त्या हवेत किती कण होते आणि कोणत्या आकाराचे, हे तपशिलाने सांगणारी साधने त्या काळी हाताशी नव्हती.

ती उणीव भरायला लेसर आला. थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये पहिला लेसर चालवला. १९६३ मध्ये एमआयटीतले फिओको आणि स्मलिन यांनी माणकाच्या लेसरचे स्पंद आकाशात सोडून ६० ते १४० किलोमीटर उंचीवरचे प्रतिध्वनी टिपले. रडार रेडिओ लहरींनी जे करते ते प्रकाशाने करणारे हे साधन म्हणजे लायडार. पुढच्याच वर्षी विल्यम ब्रिजेस यांनी आरगॉन आयन लेसर बनवला. त्याच्या नळीत आरगॉनचा प्लाझ्माच पेटलेला असतो आणि हिरवा प्रकाश त्या आयनांतूनच निघतो. लँगम्युअरच्या १९२४च्या नळीतलाच हा वायू.

पुण्याच्या संस्थेत १९८६ साली या हिरव्या किरणाचा लायडार सुरू झाला. पनुगंटी देवरा आणि अर्नेस्ट राज यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. किरणाची तरंगलांबी ५१४.५ नॅनोमीटर. स्पंद न सोडता अखंड किरण वर जाई. काही अंतरावर दुर्बीण ठेवून ती किरणाकडे वळवत नेली की दोन्ही रेषा जिथे छेदतात त्या उंचीवरच्या धुळीने विखुरलेला प्रकाश सापडे. दुर्बिणीचा कोन बदलला की उंची बदलली. शेतमोजणीत दोन खुंट्यांवरून तिसरी जागा काढतात तसेच हे त्रिकोणाचे गणित. वर्षानुवर्षे घेतलेल्या या नोंदींतून पुण्यावरच्या हवेचे वार्षिक चक्र दिसले. पावसाळ्यात हवेचा स्तंभ धुऊन निघतो आणि पावसाळ्याआधीच्या महिन्यांत पुन्हा कणांनी भरतो.

२००९ पासून संस्थेने ‘कायपेक्स’ या नावाने ढगांत विमाने नेण्याची मोहीम हाती घेतली. आता पंखाखालच्या उपकरणांत लेसर होते. एकात थेंब किरणातून जाताना पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून त्याचा आकार काढला जाई. दुसऱ्यात मोठ्या थेंबाची सावली संवेदकांच्या रांगेवर पडे. एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: ढगाच्या पायाशी थेंबांची संख्या जितकी जास्त, तितका पाऊस सुरू व्हायला ढग उंच वाढावा लागतो. कण फार झाले की तेच पाणी अनेकांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. विमान मात्र ढगातून काही सेकंदांत पार होते. तोच ढग दिवसभर, आठवडाभर, अनेक पावसाळे पाहायचा तर स्थिर जागाच हवी. महाबळेश्वरची प्रयोगशाळा त्यासाठी.

येथील कामाचा गाभा समजायला लेसरची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. तरंगलांबीहून बऱ्याच लहान कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो. व्यास निम्मा झाला की प्रकाश चौसष्टपट कमी. ढगाची बीजे होणारे बहुतेक कण दशांश मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे नुसत्या लेसरला जवळपास अदृश्य. तिथे विद्युतभार कामाला येतो. हवा आधी धन आणि ऋण दोन्ही आयनांनी भरलेल्या कोठीतून नेतात. कणांवर आयन आदळतात आणि थोड्याच वेळात भारांची ठरावीक वाटणी होते. दशांश मायक्रॉनच्या शंभर कणांतले सुमारे ४२ कोरे राहतात, २८ जणांवर एक ऋण भार असतो, २१ जणांवर एक धन भार. ऋण आयन किंचित चपळ असल्याने पारडे तिकडे झुकते. प्लाझ्मातली धूळ हजारो इलेक्ट्रॉन गोळा करते आणि येथे एखाद-दुसराच भार बसतो, कारण साध्या हवेत मोकळा इलेक्ट्रॉन टिकत नाही, आणि धन व ऋण आयनांचा वेग जवळपास सारखा असतो. पण तत्त्व तेच.

मग ही हवा एका उभ्या नळीतून वाहते. नळीच्या मध्यभागी दांडा, त्यावर हजारो व्होल्टपर्यंत चढवता येणारा दाब. भारित कण दांड्याकडे ओढला जातो. लहान कण हवेतून झटकन सरकतो, मोठा अडखळतो. ठरावीक दाबाला ठरावीक आकाराचाच कण तळाच्या फटीतून बाहेर पडतो. दाब पायरीपायरीने बदलत गेले की सगळे आकार क्रमाने बाहेर येतात, जसे चाळण्या बदलत धान्य निवडावे. बाहेर आलेल्या कणावर ब्युटॅनॉल या अल्कोहोलची वाफ जमवून त्याला काही मायक्रॉनचा थेंब करतात, आणि तो लेसरसमोरून गेला की एक लखलखाट नोंदला जातो. एटकिनची युक्ती, मिलिकनने १९०९ नंतर तेलाच्या थेंबावर वापरलेले विद्युतक्षेत्र आणि मेमनचा प्रकाश अशा तीन काळांतल्या गोष्टी या एका पेटीत एकत्र आल्या आहेत. शेजारच्या दुसऱ्या उपकरणात तीच हवा ओल्या भिंतींच्या नळीतून, एक टक्क्याहून कमी अतिसंपृक्ततेत नेली जाते. जे कण तेवढ्यात थेंब होतात तीच खरी मेघबीजे. तळाशी लेसर त्यांनाही मोजतो.

ढग जमिनीवर उतरलेला असताना विमानातले थेंबमापक येथे जमिनीवरच लावता येते. बीजे आणि थेंब एकाच जागी मोजून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की ढगातले पाणी तेवढेच असताना बीजे वाढली की थेंबाचा आकार घटतो. विमानातून मिळालेल्या निष्कर्षाला जमिनीवरून पुष्टी मिळाली. कणांच्या रासायनिक तपासणीत एक मायक्रॉनहून बारीक कणांत निम्म्याहून अधिक वाटा सेंद्रिय पदार्थांचा निघाला, त्याखालोखाल सल्फेटचा. हिवाळा-उन्हाळ्यात जाळलेल्या पाल्यापाचोळ्याचा धूर या मापात उतरतो. पावसाळ्यात समुद्रावरची हवा आणि पावसाची धुलाई कणांची संख्या खाली आणते.

महाबळेश्वरच्या पूर्वेला, वाई तालुक्यात काळूबाईच्या मांढरदेव डोंगरावर, संस्थेने रडार बसवले. सुमारे १३०० मीटर उंचीवरून ते घाट ओलांडून पूर्वेला जाणारे ढग पाहते. लेसर जवळचा एकेक कण ओळखतो, पण दाट ढगात दूर जाऊ शकत नाही. रडारला एकटा कण दिसत नाही, मात्र पावसाचा पूर्ण पसारा दिसतो. दोन डोंगरांवरच्या साधनांनी एकमेकांची उणीव भरली. घाटाच्या पश्चिम अंगाला बारीक थेंबांची दाट झड आणि पूर्व उतारावर थोडे पण मोठे थेंब, हे शेतकऱ्याला अंगावर झेललेल्या पावसावरून माहीत असलेले सत्य आकड्यांत आले.

या सगळ्या मोजणीचा थेट उपयोग झाला तो २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत, सोलापूरला तळ ठोकून केलेल्या कायपेक्सच्या बीजन मोहिमेत. आटपाडी आणि जतला लागून असलेलाच हा पर्जन्यछायेचा मुलूख. बारामतीच्या काळी ढग नजरेने निवडावा लागे. या वेळी ढगातले कण आणि थेंब लेसरने मोजणारी उपकरणे विमानांत होती. उष्ण ढगांच्या तळाशी पाणी ओढणाऱ्या क्षारांच्या नळ्या पेटवल्या गेल्या आणि २७६ ढगांची तुलना झाली. बीजन केलेल्या ठिकाणी सुमारे १८ टक्के अधिक पाऊस आढळला. थेंबांची त्रिज्या चौदा मायक्रॉनच्या आसपास पोचलेला ढग स्वतःच बरसण्याच्या वाटेवर असतो. थेंब बारीक राहून अडलेल्या आणि तळाशी भरपूर बाष्प असलेल्या ढगातच असे बी उपयोगी पडते. ढगच नसलेल्या आभाळात ते टाकून काही होत नाही, आणि आटपाडी-जतच्या दुष्काळी वर्षांत नेमके तेच आभाळ डोक्यावर असते.